किनाऱ्यावर वाढदिवसाचे जेवण : हॉटेल कसे ठरवायचे

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून वाढदिवसासाठी समुद्रावर जाणाऱ्या मंडळींना आम्ही गाड्या देतो. गाडी ठरवताना बहुतेक जण विचारतात, "तिकडे जेवायला चांगले हॉटेल कुठले?" नाव सांगायला काही लागत नाही. पण नावाजलेल्या हॉटेलात जाऊनही जेवण फसते, कारण महिना, वार आणि परतीची वेळ कोणी बघितलेली नसते. म्हणून आधी एवढे वाचा.

आधी कॅलेंडर काढा

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. या दिवसांत ताटात आलेली सुरमई बहुधा बर्फातली असते, नाहीतर पूर्व किनाऱ्यावरून आलेली, कारण तिकडची बंदी १४ जूनला संपते. गोव्याच्या वाळूवरची शॅकही (झोपडीवजा हॉटेले) पावसाळ्यापूर्वी काढलेली असतात. वाढदिवस जून-जुलैतच असेल तर ताज्या पापलेटचा हट्ट सोडा. खाडीची मासळी आहे का विचारा. सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर ही कोशिंबीर, खारा बांगडा, कोंबडी-वडे, चिकन शाकुती यांवर बेत ठरवा. पावसाळ्यातले खरे जेवण तेच, त्यात काही कमीपणा नाही.

दुसरी गोष्ट वाराची. घरात कोणाचा गुरुवार, कोणाचा सोमवार, वर श्रावण किंवा संकष्टी. दहा जणांत तीन जण मासे न खाणारे निघाले तर नुसते मासळीचे हॉटेल चालत नाही. फोनवर "व्हेज मिळेल का" विचारलेत तर "होय" हेच उत्तर येते आणि समोर पनीरची भाजी येते. त्याऐवजी "खतखते आहे का, काळ्या वाटाण्याचे सांबारे आहे का" असे नाव घेऊन विचारा. गोव्यात शाकाहारी जेवणाला शिवराक म्हणतात, तो शब्द वापरा. तळणीचे तेल आणि तवा वेगळा असतो का, हेही त्याच फोनवर विचारून घ्या. गणेश चतुर्थीच्या दिवसांत गोव्यातल्या बऱ्याच घरगुती खानावळी बंद असतात.

समुद्र दिसणारे टेबल

सगळ्यांना पाण्याला लागून टेबल हवे असते. आमचे मत वेगळे आहे. डिसेंबरात सूर्य सहा वाजून पाच-दहा मिनिटांनी मावळतो, मेमध्ये सातच्या सुमारास. रात्रीचे जेवण त्यानंतरच सुरू होते, म्हणजे ज्या समुद्रासाठी जास्त पैसे मोजले तो अंधारात दिसतच नाही, नुसता ऐकू येतो. सूर्यास्त वाळूवर बसून चहाबरोबर बघा, फोटो काढा आणि जेवायला एक-दोन किलोमीटर आत गावातल्या खानावळीत जा. तिथे गिऱ्हाईक रोजचे असते, मासळी रोज संपते. पर्यटकांच्या रांगेतल्या हॉटेलाला उद्याच्या गिऱ्हाइकाची फिकीर कमी.

तरीही वाळूवरच बसायचे असेल तर पौर्णिमा-अमावास्येची भरती मोठी असते हे लक्षात ठेवा. टेबल मागे सरकवावे लागते, मग कुठे बसवणार ते आधीच विचारा. उघड्यावर स्पीकर रात्री दहाला बंद होतो. तो देशभरचा नियम आहे, मालकाशी वाद घालून उपयोग नाही.

मासळी आणि वजन

मेनूवर दराच्या जागी "साइजप्रमाणे" लिहिलेले असते. बिलाची भांडणे बहुतेक इथूनच सुरू होतात. दर किलोचा की नगाचा, आणि वजन साफ करण्याआधीचे की नंतरचे, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. अख्खा चणक किंवा तांबोशी एक किलोची घेतली तर डोके, खवले, पोट जाऊन खायला साधारण सहाशे ग्रॅम उरते. भाताबरोबर तीन-चार जणांना ती पुरते. कोळंबी सालासकट एक किलो घेतली की सोलून जेमतेम अर्धी राहते. कुर्ल्यांत (खेकड्यांत) तर मांस त्याहूनही कमी, म्हणून दहा जणांचे पोट कुर्ल्यांवर भरायला जाऊ नका. चवीपुरत्या घ्या. (अमावास्येला कुर्ल्या भरलेल्या असतात असे किनाऱ्यावर म्हणतात.) बांगडा माणशी एक पुरे.

मासा ताटलीत आणून दाखवायला सांगा. डोळा फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लाल, बोटाने दाबल्यावर खळगा भरून आला पाहिजे. वास समुद्राचा यावा, अमोनियासारखा उग्र वास आला की परत पाठवा. कोळंबीचे डोके काळे पडून सुटायला लागले असेल तर ती शिळी आहे. शिजलेल्या तिसऱ्यांत (शिंपल्यांत) जी मिटलेलीच राहिली, ती खाऊ नका. मासा दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथे नुसती थाळी घ्या.

लहान मुले आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर बांगडा, तारली टाळा, काटे फार. मुडदुशे, सुरमईचा तुकडा किंवा मोरी (लहान शार्क) मागवा, मोरीला काटे नसतातच. तिखटाचे म्हणाल तर आपल्याकडच्या जिभेला मालवणी चालून जाते, पण गोव्याचे आंबट-तीक (आंबट-तिखट कालवण) नावाप्रमाणेच झोंबते. मुलांसाठी नारळाच्या रसातले कालदीन सांगा. बांगड्याच्या हुमणात (नारळाच्या कालवणात) तिरफळे असतात, ती चावू नका, जीभ बधिर होते. कोणाला कोळंबी-कुर्लीची ॲलर्जी असेल तर फक्त तो पदार्थ टाळून भागत नाही, कारण हुमण आणि तळणाचे तेल तेच असू शकते. स्वयंपाकघरापर्यंत निरोप गेला पाहिजे.

केक

बेळगावातून क्रीमचा केक नेऊ नका. घाटाच्या वळणांत तो एका बाजूला सरकतो आणि खाली उतरल्यावर दमट उकाड्यात पाघळतो. न्यायचाच तर क्रीम नसलेला न्या, बर्फाच्या पाकिटांसह थर्माकोलच्या डब्यात, मांडीवर नव्हे तर पायाशी सपाट ठेवून. एक किलो केक आठ ते दहा जणांना होतो. नाहीतर सरळ कुंदा न्या. त्याला घाटाचे काही होत नाही आणि सोलकढीनंतर गोड म्हणून छान लागतो. बाहेरचा केक चालतो का, त्याचे वेगळे पैसे लावतात का, हे टेबल ठरवतानाच विचारा. फवाऱ्याचा फेस (स्नो स्प्रे) आणि पेटलेली मेणबत्ती एकत्र आणू नका, त्यातला वायू पेट घेतो. आमच्या गाडीत तो डबा चालत नाही.

बिल

साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के. खोलीचे भाडे ७,५०० रुपयांवर असलेल्या मोठ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटला १८ टक्के, म्हणजे दहा हजारांच्या जेवणावर तेराशे रुपयांचा फरक. दारूवर जीएसटी नसतो, तिचा राज्याचा कर वेगळा. सेवाशुल्क बिलात आपोआप लावता येत नाही. २०२२ साली ग्राहक प्राधिकरणाने तसे सांगितले आणि २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. लावले असेल तर काढायला सांगा, आवडले तर वेटरला हातात द्या.

रस्ता आणि परतीची वेळ

बेळगावहून पणजीकडे जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळी या वाटेने सव्वाशे किलोमीटरच्या आत अंतर, तीन ते साडेतीन तास. वेंगुर्ल्याला आंबोली, सावंतवाडीवरून साधारण १२० किलोमीटर, मालवण दीडशेच्या आसपास. निपाणीकरांना गडहिंग्लज, आजरा, आंबोली ही वाट जवळची. सात वाजता जेवायला बसून नऊला निघालात तर घरी पोचायला साडेबारा होतात. पावसाळ्यात आम्ही रात्री घाट चढत नाही. धुके आणि दरड दोन्ही असते, म्हणून त्या दिवसांत वाढदिवस दुपारी करा. गावातल्या खानावळींत थाळी तीनच्या आत संपते, तेव्हा एकपर्यंत पोचा.

ड्रायव्हरचे जेवण तुमच्या ऑर्डरबरोबरच सांगा, शेवटी नको, आणि जेवल्यावर त्याला अर्धा तास पाठ टेकू द्या. घाट लागणाऱ्यांनी तळण कमी खावे आणि पुढच्या सीटवर बसावे. गोव्यातून स्वस्त मिळते म्हणून परवान्याशिवाय बाटली आणू नका. कणकुंबीच्या नाक्यावर गाडी तपासतात, आणि बाटली सापडली तर गाडीही अडकून पडते.