बूच की आट्यांचं झाकण?

दुकानात वाइनची बाटली हातात घेतात, वर आट्यांचं झाकण दिसतं आणि बाटली परत फळीवर जाते. "बूचवाली दाखवा," असं म्हणतात. बूच म्हणजे भारी आणि स्क्रू कॅप म्हणजे स्वस्तातली, ही समजूत चुकीची आहे. तिच्यापायी लोक चांगली वाइन सोडून देतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

बूच म्हणजे ओकच्या एका जातीची साल. ही झाडं मुख्यतः पोर्तुगाल आणि स्पेनमधली. पुण्यात ज्याच्या पांढऱ्या फुलांचा सडा पडतो ते आपलं बुचाचं झाड वेगळं. त्याच्या सालीचं हलक्या प्रतीचं बूच करत, म्हणून त्याला ते नाव पडलं. पोर्तुगालातल्या झाडाची साल पहिल्यांदा निघते ती झाड पंचविशीला आल्यावर, मग दर ९ वर्षांनी. बाटलीला चालेल अशी साल तिसऱ्या खेपेला मिळते, तोवर झाडाने चाळिशी ओलांडलेली असते. झाड मात्र तोडावं लागत नाही. सुमारे २४ मिलिमीटर जाडीचं बूच दाबून १८-१९ मिलिमीटरच्या तोंडात बसवतात. ते पुन्हा फुगू पाहतं आणि काचेला घट्ट धरून राहतं.

या सुंदर वस्तूचा शत्रू म्हणजे टीसीए हा रासायनिक पदार्थ. क्लोरीनयुक्त संयुगांवर बुरशीचं काम झालं की तो तयार होतो आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम असला तरी नाकाला कळतो. पावसाळ्यात ओलं राहिलेलं गोणपाट किंवा माळ्यावरचा भिजका पुठ्ठा, अगदी तसा वास. प्रकृतीला अपाय नाही, पण फळांचा सुगंध पार मरतो आणि पेला कितीही हलवला तरी तो परत येत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅलीचे वाइनकर्ते याच त्रासाला कंटाळले. रिसलिंग या नाजूक सुगंधाच्या पांढऱ्या वाइनमध्ये हा दोष लपत नाही. २००० साली त्यांच्यातल्या अनेकांनी मिळून आपली रिसलिंग स्क्रू कॅपखाली भरली, आणि पुढच्याच वर्षी न्यूझीलंडच्या वाइनऱ्याही त्या वाटेने निघाल्या. या झाकणात महत्त्वाचा पत्रा नव्हे, आतली पातळ चकती. किती प्राणवायू आत जाणार हे ती ठरवते. कथलाचा थर असलेली चकती जवळजवळ काहीच जाऊ देत नाही, नुसत्या प्लॅस्टिकच्या थरांची थोडा जाऊ देते. फार घट्ट बंद झालेल्या वाइनला कधी विझलेल्या काडीसारखा गंधकाचा वास येतो. लोक तिला खराब समजून ओतून देतात. पेल्यात घोळवून दहा मिनिटं थांबा, बहुतेकदा तो उडून जातो.

प्लॅस्टिकचं बूच मला पटत नाही. त्यातून हवा लवकर शिरते, काढायलाही चिवट. बुचाचा चुरा धुऊन, चिकटवून केलेलं बूच त्यापेक्षा पुष्कळ बरं.

आणि शॅम्पेन? जिचं बूच उडवायची एवढी हौस, ती बहुतेकदा तळघरात बिअरच्या बाटलीसारख्या पत्र्याच्या झाकणाखाली मुरते. बूच लागतं ते शेवटी.

नाशिकची शेनँ ब्लाँ किंवा सोविन्यों ब्लाँसारखी ताजी पांढरी वाइन वर्ष-दोन वर्षांत प्यायची असेल तर स्क्रू कॅपचीच घ्या. दहा-पंधरा वर्षं मुरवायची रेड असेल तर चांगलं बूच बघा आणि बाटली आडवी ठेवा, म्हणजे ते ओलं राहील. स्क्रू कॅपची उभी ठेवली तरी चालते. मात्र दोन्ही उन्हापासून आणि मे महिन्यातल्या तापलेल्या स्वयंपाकघरापासून लांब. बूच काढलंत की त्याच्या कडेला बघा: डाग फक्त तळाशी असेल तर ठीक, ओघळ वरपर्यंत चढला असेल तर वाइन झिरपली आहे, आधी वास घ्या.