मिसिंग : बंद सिलिंडरचे निदान

एकापेक्षा जास्त सिलिंडर असलेल्या इंजिनात एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन पेटेनासे झाले आणि बाकीचे सिलिंडर त्याला ओढत राहिले, की गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग’ करते, किंवा ‘तीनवर चालते’. स्कूटरच्या एकाच सिलिंडरच्या इंजिनात हीच गोष्ट घडली तर गाडी सरळ बंद पडते. चार सिलिंडरची गाडी मात्र थरथरत, जास्त इंधन पीत चालूच राहते. कोणता सिलिंडर बंद आहे आणि तो का बंद आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर हाती येईपर्यंत दुसऱ्याला हात घालू नये. प्लग (ठिणगी टाकणारा), मग कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी), मग इंजेक्टर (इंधन फवारणारा) असे अंदाजाने बदलत गेले की भागांचा ढीग वाढतो आणि मिसिंग तसेच राहते.

चार स्ट्रोकच्या, चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) दर अर्ध्या फेऱ्याला एक सिलिंडर पेटतो, आणि बहुतेक गाड्यांत हा क्रम 1-3-4-2 असतो. जागेवर उभी असताना इंजिन मिनिटाला 800 फेरे घेत असेल, तर सेकंदाला साधारण 27 वेळा जोर लागतो. एक सिलिंडर बंद पडला की त्यात सेकंदाला सहा-सात वेळा खंड पडतो. हाताला जाणवणारी थरथर ती हीच. जितके सिलिंडर कमी, तितका एकाचा तोटा मोठा: मारुती 800 च्या 796 सीसी इंजिनाला तीनच सिलिंडर होते, त्यामुळे त्यातला एक गेला की घाट चढणे अवघड होई.

बंद सिलिंडर शोधण्याची मूळ युक्ती जुनी आणि सुंदर आहे: एकेक सिलिंडर मुद्दाम बंद करून बघायचा. चालू सिलिंडर तोडला तर इंजिनाचे फेरे पडतात, आवाज बदलतो. आधीच बंद असलेला तोडला तर काहीच फरक पडत नाही. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत (1908–1927) प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल होती आणि तिची पट्टी थरथरत असे. कंपनीच्या पुस्तिकेतच सांगितलेले होते की दोन पट्ट्या बोटांनी दाबून धराव्यात, म्हणजे उरलेल्या दोन सिलिंडरांचा आवाज वेगळा ऐकू येतो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीत हेच काम प्लगची वायर उपसून होई. पावसाळ्यात तिच्या डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला पाळीने वीज वाटणाऱ्या भागाच्या) कॅपमध्ये ओल धरली की मिसिंग ठरलेलेच. कॅपला किंवा वायरींना तडा असेल तर अंधारात बॉनेट उघडून बघावे: निळसर ठिणग्या तड्यावरून सरपटताना दिसतात.

आजच्या गाडीत चालू इंजिनावर प्लगची कॉइल उपसू नये. ठिणगीला वाट मिळाली नाही की कॉइल आणि कंट्रोल युनिट दोन्ही धोक्यात येतात, शिवाय न जळलेले पेट्रोल सायलेन्सरकडे जाते. त्याऐवजी इंजेक्टरचा कनेक्टर काढावा, किंवा स्कॅनरवरून (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या तपासणी यंत्रावरून) तो सिलिंडर बंद करावा. जुन्या डिझेल ट्रॅक्टर-जीपमध्ये नोझलवरचा पाइपचा नट पाव फेरा ढिला करतात, डिझेल बाहेर गळते आणि तो सिलिंडर थांबतो. कॉमन रेल इंजिनात (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) मात्र हे कधीही करू नये. तिथला दाब 1600 बारच्याही पुढे जातो, आणि एवढ्या दाबाची डिझेलची बारीक धार कातडी भेदून हातात शिरते. अशी जखम वरून सुईच्या टोकाएवढी दिसते, पण ती तातडीने शस्त्रक्रिया करण्याची वेळ असते.

हत्यार नसेल तर थंड इंजिन सुरू करून मिनिटभरात एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या) प्रत्येक फाट्यावर पाण्याचे दोन थेंब टाकावेत. पेटणाऱ्या सिलिंडरच्या फाट्यावर थेंब चुरचुरून उडतात, बंद सिलिंडरच्या फाट्यावर तसेच ओघळतात.

सिलिंडर सापडला की कारणे तीनच उरतात: ठिणगी, इंधन, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबले जाण्याचा दाब). ठिणगीसाठी आधी प्लग काढून हातात घ्यावा. प्लग पेट्रोलने ओला असेल तर इंधन येते आहे पण पेटत नाही. कोरडा आणि स्वच्छ असेल तर इंजेक्टरवर संशय घ्यावा. तेलकट असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलकडे बघावे. मग अदलाबदल: बंद सिलिंडर क्रमांक 2 असेल तर त्याची कॉइल क्रमांक 3 वर लावायची आणि 3 ची 2 वर. स्कॅनरवर पी 0302 (क्रमांक 2 च्या मिसिंगचा कोड) जाऊन पी 0303 (क्रमांक 3 चा) आला, तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब. एक रुपया खर्च न करता मिळालेला हा पुरावा कुठल्याही अंदाजापेक्षा मोलाचा. इंजेक्टर चालतो की नाही हे लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक त्यावर टेकवून आणि मूठ कानाला लावून कळते. टिकटिक नसेल तर आधी वायर तपासावी, कारण पार्किंगमध्ये उभ्या गाडीची वायरिंग उंदरांनी कुरतडलेली असणे आपल्याकडे नवलाचे नाही.

स्कॅनर एका ठिकाणी हमखास फसवतो. बंद सिलिंडरमधून न वापरलेली हवा बाहेर पडते, ऑक्सिजन सेन्सरला वाटते इंधन कमी पडते आहे, आणि कॉम्प्युटर आणखी पेट्रोल सोडतो. म्हणून ‘मिश्रण पातळ’ असा कोड वाचून पेट्रोल पंप बदलू नये. चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला तर गाडी पळवू नये. न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागात) जळते आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळते.

कॉम्प्रेशन मोजताना इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन तोडलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असावा. पेट्रोल इंजिनात साधारण 10 ते 13 बार दाब मिळतो. पण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. एक फार खाली असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंग गेल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट. शेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असतील तर त्यांच्या मधली हेड गॅसकेट फुटलेली असण्याचा संभव मोठा.

मुंबई-पुण्याच्या सीएनजी टॅक्सीत निदानाची एक सोय आयतीच असते: गॅसवरून पेट्रोलवर बटण टाकायचे. मिसिंग फक्त गॅसवर असेल तर गॅसचा इंजेक्टर बघावा, किंवा प्लग. गॅसचे मिश्रण पेटवायला जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे झिजलेला प्लग पेट्रोलवर निभावून नेतो आणि गॅसवर उघडा पडतो. दोन्हींवर मिसिंग असेल आणि तेही इंजिन तापल्यावरच येत असेल, तर टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांमधली फट) मोजावा. कोरड्या गॅसवर व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो, गॅप संपतो आणि तापल्यावर तो पुरता बसत नाही. वेळेत लक्षात आले तर गॅप जुळवून काम भागते. व्हॉल्व्हची कड जळलेली असेल तर हेड उतरवावेच लागते.