मालगाडीवरून रस्ता नेताना पूल एवढा लांब का लागतो

फाटक बंद असताना वॅगन मोजायला लागलं की पन्नास झाल्या तरी मालगाडी संपत नाही, आणि मग कुणीतरी हमखास म्हणतं की अहो दहा पावलांचे तर रूळ, एक पूल टाकायला यांना काय होतंय. रूळ दहा पावलांचेच आहेत, पण पूल तेवढ्यात होत नाही, आणि त्याचं कारण गाडीच्या चाकाखाली आहे.

पोलादी चाक पोलादी रुळाला जिथे टेकतं ती जागा जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढी असते. म्हणून गाडी कमी ताकदीत पळते, पण ब्रेक लावला की तोच गुळगुळीतपणा अंगावर येतो. त्यात ब्रेक हवेचे, म्हणजे पाइपमधला दाब पुढून मागे उतरत जातो आणि शेवटच्या वॅगनपर्यंत पोचायलाच काही सेकंद जातात. ताशी 60 किमीने येणारी 5,000 टनांची गाडी थांबायला किलोमीटरभर सहज लागतो, त्यामुळे फाटकात अडकलेला ट्रक मालगाडीच्या ड्रायव्हरला दिसला तरी बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

चढाचंही तसंच. 100 मीटरला 1 मीटर चढ म्हणजे मालगाडीचा घाम निघतो, ट्रक मात्र 30 मीटरला 1 मीटर आरामात चढतो. म्हणून वर जायचं ते रस्त्यानेच.

आता हिशोब करून बघा. दोन मजली कंटेनरची गाडी खालून जायची तर रुळापासून साधारण 7 मीटर मोकळं हवं, वर विजेची तार असेल तर अजून जास्त. त्यावर गर्डर (पुलाची आडवी तुळई) आणि स्लॅबचे 2 मीटर धरा, म्हणजे रस्ता 9 मीटर वर गेला. 30 ला 1 या चढाने एका बाजूला 270 मीटर झाले, शिवाय पायथ्याला आणि माथ्याला चढ हळूहळू वळवायचा असतो, म्हणजे दोन्हीकडचं धरून 600 मीटरच्या वरच. जमीन आणि भराव यातच खूपसा पैसा जातो.

आणि पायी चालणाऱ्याचं काय? गाडीवाल्याचं एका मिनिटात भागतं, पण डोक्यावर ओझं घेतलेली बाई 600 मीटर वळसा घालणार नाही, ती रुळातूनच जाणार. पुलासोबत जिना किंवा पादचारी भुयार केलं नाही तर काम अर्धवटच राहिलं असं मी तरी म्हणेन.

रुळांवरचा भाग मात्र बघण्यासारखा असतो. गाड्या काही तास थांबवून क्रेनने गर्डर उचलतात आणि खांबावरच्या रबरी बेअरिंगवर, म्हणजे जाड रबरी गाद्यांवर, अलगद टेकवतात. रबर अशासाठी की 40 मीटरचा गर्डर तापमान 40 अंशांनी वाढलं की जवळपास 2 सेंटीमीटर लांबतो, त्याला सरकायला वाव हवा. म्हणून टोकाला फट ठेवतात, पुलावर चढल्यावर टायरखाली टक-टक वाजतं ना, ती हीच.