लिनक्सवरचं वायफाय: समोर आलेला उपाय कुठल्या सालातला?

लिनक्सवर वायफाय चालत नाही म्हणून शोधायला बसलं की निरनिराळ्या सालांतले उपाय एकाच पानावर समोर येतात. कोणी विंडोजचा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा प्रोग्रॅम) वापरायला सांगतो, कोणी अमुक मॉड्यूल ब्लॅकलिस्ट करायला, म्हणजे ड्रायव्हरचा तो तुकडा आपोआप चढू न द्यायला लावतो, कोणी अशी कमांड देतो जी आजच्या बऱ्याच डिस्ट्रोंमध्ये (लिनक्सच्या तयार संचांमध्ये) मुळात इन्स्टॉलच केलेली नसते. आपापल्या काळी हे बहुतेक उपाय बरोबर होते. आज मात्र त्यातले निम्मे निरुपयोगी आहेत आणि काही चालू असलेलं वायफाय बंद पाडतात.

सुरुवातीचा काळ थोडक्यात. ८०२.११ हे वायफायचं मानक १९९७ चं. १९९९ मध्ये ८०२.११बी आलं आणि वायरलेस कार्ड घराघरांत जाऊ लागलं. लिनक्समध्ये त्याच सुमारास वायरलेस एक्स्टेन्शन्स नावाचा इंटरफेस आला आणि त्यासोबत आयडब्ल्यूकॉन्फिग ही कमांड. तेव्हाची सुरक्षा म्हणजे वेप, आणि तिची की (पासवर्ड) आयडब्ल्यूकॉन्फिगने देता यायची. वेप मोडता येतं हे २००१ मध्येच दाखवून झालं. पुढे डब्ल्यूपीए आलं, त्याची जबाबदारी सप्लिकंट नावाच्या वेगळ्या प्रोग्रॅमकडे गेली. तरी ‘आयडब्ल्यूकॉन्फिगमध्ये पासवर्ड टाका’ हा सल्ला अजून फिरतो. त्या कमांडला डब्ल्यूपीएचा पासवर्ड कळत नाही, त्यामुळे एरर येते आणि माणूस कार्डाला दोष देतो. वाय-फाय ७ च्या कार्डांसाठी तर कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, हा जुना इंटरफेस २०२३ मध्ये बंदच केला. आता कार्डाची स्थिती पाहायला आयडब्ल्यू आणि पासवर्ड देऊन जोडायला एनएमसीएलआय ही कमांड वापरायची.

खरी धुमश्चक्री २००३ ते २००८ मधली. लॅपटॉपमध्ये वायफाय आलं, पण चिप बनवणारे माहिती द्यायला तयार नव्हते. रेडिओची ताकद आणि फ्रिक्वेन्सी सॉफ्टवेअर ठरवतं, कोड खुला केला तर लोक नियमाबाहेरचं प्रसारण करतील आणि नियामक आम्हाला धरेल, असं त्यांचं म्हणणं. यातून एकेक अजब तोडगे निघाले. इंटेलच्या ३९४५ कार्डासोबत २००६ मध्ये एक बंद डीमन (सोर्स न दिलेला, मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) यायचा. तो चालू असल्याशिवाय कार्ड काम करायचं नाही. अथेरॉसच्या ड्रायव्हरमध्ये मधला एक थर फक्त बायनरी स्वरूपात, सोर्सशिवाय, मिळायचा. ब्रॉडकॉमकडून तर काहीच मिळत नव्हतं. तिथे स्वयंसेवकांनी दोन गट केले. एकाने कंपनीचा ड्रायव्हर उलगडून तो काय करतो याचं वर्णन लिहिलं, दुसऱ्याने मूळ कोड न पाहता फक्त त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला. तो २००६ मध्ये २.६.१७ या कर्नलमध्ये आला आणि २.६.२४ पासून बी४३ या नावाने ओळखला जाऊ लागला.

ज्यांना एवढा धीर नव्हता त्यांच्यासाठी एनडिसरॅपर होता. विंडोजच्या ड्रायव्हरची आयएनएफ आणि एसवायएस फाइल घ्यायची आणि ती लिनक्सच्या कर्नलमध्ये चालवायची. चालायचंही. पण ६४-बिट लिनक्सला ६४-बिट विंडोजचाच ड्रायव्हर लागायचा आणि तो पुष्कळदा मिळायचाच नाही. शिवाय एनडिसरॅपर स्वतः जीपीएल (कोड खुला ठेवायला लावणाऱ्या परवान्याखालचा) असला तरी तो आत बंद कोड आणतो, मग कर्नलची जीपीएलपुरती राखून ठेवलेली फंक्शन्स त्याला वापरू द्यावीत का, यावर २००८ मध्ये चांगलीच वादावादी झाली. शेवटी त्याला अपवाद म्हणून मोकळीक मिळाली. तोवर त्याची गरज ओसरू लागली होती. २००७ च्या जुलैमध्ये २.६.२२ मधून मॅक८०२११ हा सामाईक थर आला. प्रत्येक ड्रायव्हरने वायफायचं सगळं शास्त्र स्वतः लिहायची गरज उरली नाही. अथेरॉसने २००८ मध्ये एथ९के हा पूर्ण खुला ड्रायव्हर दिला. ब्रॉडकॉमने त्याच वर्षी डब्ल्यूएल हा अर्धा बंद ड्रायव्हर काढला आणि २०१० मध्ये काही चिपांसाठी खुला. म्हणजे एकाच कंपनीच्या कार्डांसाठी तीन ड्रायव्हर झाले. ‘बी४३ ब्लॅकलिस्ट करा’ हा सल्ला इथला आहे. डब्ल्यूएल बसवायचा असेल तरच त्याला अर्थ. बी४३ वर ठीक चालणाऱ्या जुन्या कार्डाला तो दिला की वायफाय गेलंच.

ड्रायव्हरचा प्रश्न बराचसा सुटला तेव्हा फर्मवेअरचा, म्हणजे कार्डाच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा, पुढे आला, आणि माझ्या मते लिनक्सवरच्या वायफायला सर्वांत जास्त बदनाम यानेच केलं. जुन्या कार्डांत फर्मवेअर कार्डावरच्या चिपमध्ये भरलेलं असे. पैसे वाचवायला उत्पादकांनी ती मेमरी काढली आणि दर वेळी ऑपरेटिंग सिस्टिमने फर्मवेअरची फाइल कार्डात चढवावी अशी रचना केली. ही फाइल बंद, तिचा सोर्स मिळत नाही. काहींनी निदान वाटायची परवानगी दिली, ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपांसाठी तीही नव्हती. म्हणून कंपनीच्या ड्रायव्हरमधून फर्मवेअर कापून काढणारं एफडब्ल्यूकटर नावाचं अवजार लागायचं.

मग डेबियन या डिस्ट्रोने २०१० च्या डिसेंबरमध्ये जाहीर केलं की पुढच्या आवृत्तीच्या कर्नलमध्ये बंद फर्मवेअर नसेल. ते नॉन-फ्री, म्हणजे खुल्या नसलेल्या सॉफ्टवेअरच्या, विभागात मिळेल. तत्त्व म्हणून हे नेमकं होतं. व्यवहारात इन्स्टॉलर अर्ध्यावर थांबून सांगायचा की तुमच्या हार्डवेअरला अमुक फाइल लागते, ती पेन ड्राइव्हवरून द्या. फाइल उतरवायला नेट हवं, नेट चालायला फाइल हवी. दोर विहिरीच्या तळाशी ठेवून पाणी काढायला सांगण्यासारखा हा प्रकार. फर्मवेअरसकट तयार इन्स्टॉलर डेबियनकडेच होता, पण ‘अनधिकृत’ म्हणून तो सहज सापडेल अशा जागी नव्हता. नवख्या माणसाने अधिकृत घेतला, अडकला आणि लिनक्सवर वायफाय चालत नाही असा निष्कर्ष काढून मोकळा झाला.

अधिकृत इन्स्टॉलरमध्ये फर्मवेअर घ्यायला विरोध करणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. एकदा अधिकृत इन्स्टॉलरमध्ये बंद फाइल घेतली की उत्पादकावर दबाव काय राहिला? उलट बाजू म्हणे की चिपमध्ये कायमचं कोरलेलं बंद फर्मवेअर तुम्हाला चालतं आणि तेच डिस्कवरून चढवलं की विटाळ होतो, हे कसं? नव्या लॅपटॉपांच्या साउंड चिपलाही फर्मवेअर लागू लागल्यावर आणखी एक अडचण उघड झाली. बोलणाऱ्या इन्स्टॉलरवर विसंबणाऱ्या अंध वापरकर्त्यांना आवाजच येत नव्हता. अखेर २०२२ मध्ये मतदान झालं. अर्धा डझन पर्यायांतून निवडला गेला तो डेबियनच्या सामाजिक करारनाम्यातच (मूळ तत्त्वांच्या दस्तऐवजात) बदल करणारा, ज्याला तिप्पट बहुमत लागतं. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून एकच इन्स्टॉलर आहे आणि त्यात फर्मवेअर आहे. हा निर्णय दहा वर्षं आधी व्हायला हवा होता.

फर्मवेअरची अडचण तरीही संपलेली नाही. लॅपटॉप नवा आणि डिस्ट्रो जुनी असेल तर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) आजही ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड फेल्ड’ आणि पुढे ‘एरर -२’ दिसतं. हा उणे दोन म्हणजे फाइल सापडली नाही, इतकंच. कार्ड बिघडलेलं नसतं, पॅकेज जुनं असतं. ‘तोवर लॅनची केबल लावा’ हा पूर्वीचा हुकमी इलाज होता. आता पातळ लॅपटॉपांना लॅनचं भोकच नसतं आणि आपल्याकडे कित्येक घरांत नेट म्हणजे मोबाइल. अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू केलं की लिनक्सला तो वायरचं नेटवर्क म्हणून दिसतो. वायफायचा ड्रायव्हर लागत नाही.

गेल्या दहा-बारा वर्षांतले तंटे वेगळ्या जातीचे आहेत. २०१३ मध्ये सिस्टिमडीने (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमने) नेटवर्क उपकरणांची नावं बदलली, डब्ल्यूलॅन०चं डब्ल्यूएलपी३एस० झालं. जुना सल्ला जसाच्या तसा टाकला तर ‘असं उपकरण नाही’ हे उत्तर येतं. सिक्युअर बूट (सही असलेलाच कोड चालू देणारी सोय) चालू असेल तर बाहेरून बसवलेलं, सही नसलेलं मॉड्यूल कर्नल नाकारतो. ‘रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल’ हा संदेश वायफायच्या पासवर्डबद्दल नसतो, त्या सहीबद्दल असतो. रिअलटेकचं ८८२१सीई कार्ड स्वस्त लॅपटॉपांत सर्रास सापडतं. त्याला कर्नलचा आधार २०२० मध्ये ५.९ पासून मिळाला. त्याआधी बाहेरचं मॉड्यूल कम्पाइल करावं लागे आणि कर्नल अपडेट झालं की वायफाय गायब. आज ते मॉड्यूल बसवलं तर दोन ड्रायव्हर एकाच कार्डावर हक्क सांगतात. याच कंपनीच्या ८७२३बीई कार्डाला दोन अँटेनांची सोय आहे, पण काही लॅपटॉपांत एकच अँटेना जोडलेली असते आणि ड्रायव्हर भलत्याच टोकाकडे ऐकत बसतो. राउटरशेजारी नेट चालतं, खोलीबाहेर पडलं की जातं. ड्रायव्हरच्या अँट-सेल या पर्यायाला १ किंवा २ दिलं की सिग्नल भरून येतो.

राहिला चॅनेलचा गोंधळ, जो भारतात हमखास चुकवतो. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि त्यात १ ते १३ चॅनेल बसतात. अमेरिकेच्या नियमांत मात्र सहसा ११ पर्यंतच. कार्डात देश अमेरिका असा कोरलेला असेल आणि राउटरने आपोआप १३ निवडलं असेल, तर फोनला नेटवर्क दिसतं, लॅपटॉपला दिसतच नाही. ‘आयडब्ल्यू रेग गेट’ दिल्यावर देशाच्या जागी कधी यूएस दिसतं, कधी ००, म्हणजे जगभर चालेल असा सर्वांत सावध नियम. आयएन (भारत) सेट करता येतं, पण कार्डात कोरलेली मर्यादा त्याने सैल होत नाही. अशा वेळी राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन चॅनेल १, ६ किंवा ११ वर बांधून टाकायचं.