रॉटब्लॅट, सर जोसेफ

(४ नोव्हेंबर १९०८ – ३१ ऑगस्ट २००५). पोलंडमध्ये जन्मलेले ब्रिटिश भौतिकीविज्ञ व अण्वस्त्र-नियंत्रणाचे पुरस्कर्ते. जन्म वॉर्सा येथे. तेथेच संशोधनाला प्रारंभ करून १९३९ मध्ये ते न्यूट्रॉनचा शोध लावणारे भौतिकीविज्ञ जेम्स चॅडविक यांच्याकडे लिव्हरपूल विद्यापीठात आले. वॉर्सात अडकलेल्या त्यांच्या पत्नी टोला पुढे नाझींच्या वंशसंहारात बळी पडल्या.

१९४४ च्या आरंभी ते अमेरिकेतील लॉस ॲलॅमॉस येथील अणुबाँब प्रकल्पात दाखल झाले आणि वर्षअखेरीस, बाँब तयार होण्यापूर्वीच, त्यातून बाहेर पडले. या निर्णयाचे कारण वादग्रस्त आहे. जर्मनी बाँब बनवत नाही हे स्पष्ट झाल्यावर आपण प्रकल्प सोडला, तसेच बाँबचा खरा रोख सोव्हिएट संघावर असल्याचे उद्गार मार्च १९४४ मध्ये प्रकल्पाचे लष्करी प्रमुख जनरल ग्रोव्ह्ज यांच्या तोंडून आपण ऐकले होते, असे त्यांनी १९८५ मध्ये लिहिले. हे कथन चाळीस वर्षांनंतरचे असल्याने काही अभ्यासक पत्नीच्या काळजीला अधिक महत्त्व देतात. तथापि खरे कारण उघड करू नये व पत्नीची चिंता हेच कारण सांगावे असे तेव्हा ठरले होते, हेही रॉटब्लॅट यांनीच नमूद केले आहे. त्यामुळे तत्कालीन नोंदींवरून निर्णायक निष्कर्ष काढणे कठीण असून दोन्ही कारणे एकत्र धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

युद्धानंतर ते वैद्यकीय भौतिकीकडे वळले व १९५० पासून लंडनमधील सेंट बार्थॉलोम्यू रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होते. १ मार्च १९५४ रोजी प्रशांत महासागरातील बिकिनी या प्रवाळबेटावर झालेल्या अमेरिकेच्या हायड्रोजन बाँबच्या चाचणी-स्फोटानंतरच्या किरणोत्सर्गी धुळीचे जपानी विश्लेषण त्यांनी तपासले. हायड्रोजन बाँबमध्ये भंजनाने (जड अणुकेंद्रे फुटण्याने) संघटन (हलकी अणुकेंद्रे एकत्र येणे) घडते एवढेच गृहीत धरले, तर इतक्या किरणोत्सर्गाचा उलगडा होत नव्हता. संघटनातून निघालेल्या वेगवान न्यूट्रॉनांमुळे बाहेरील युरेनियम-२३८ च्या वेष्टनाचेही भंजन होते, असा तिसरा टप्पा त्यांनी अनुमानिला व १९५५ मध्ये प्रसिद्ध केला. सरकारी गुप्ततेत दडलेला धोका केवळ उपलब्ध मापनांवरून उघड करणारे हे काम त्यांच्या पुढील कार्याचा खरा पाया होय.

अण्वस्त्रांच्या धोक्याचा इशारा देणाऱ्या, ९ जुलै १९५५ रोजी जाहीर झालेल्या रसेल-आइन्स्टाइन जाहीरनाम्याच्या अकरा स्वाक्षरीकर्त्यांत ते वयाने सर्वांत लहान होते. त्यातून जुलै १९५७ मध्ये कॅनडातील पग्वॉश येथे बावीस जणांची पहिली परिषद भरली. १९७३ पर्यंत ते या परिषदांचे सरचिटणीस होते. चर्चा खाजगी असल्याने अण्वस्त्र-नियंत्रणाच्या करारांवरील त्यांचा प्रभाव मोजणे अवघड आहे. तरी भूमिगत चाचण्या ओळखण्यासाठी मोहोरबंद, स्वयंचलित भूकंपमापक ठेवण्याची १९६२ मधील सूचना या वर्तुळातून पुढे आली होती. १९८८ ते १९९७ या काळात रॉटब्लॅट पग्वॉशचे अध्यक्ष होते. १९९५ चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना व पग्वॉश परिषदांना निम्मे-निम्मे देण्यात आले. लंडन येथे त्यांचे निधन झाले.