टीडीएसचं व्याज आणि कंपाउंडिंग: दर एकच, भरणा दोनदा

दारव्ह्याकडच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचे अध्यक्ष तुरीच्या हंगामात माझ्याकडे आले. हातात आयकर खात्याची कारणे दाखवा नोटीस, चार घड्या घातलेली. "पैसे त व्याजासकट भरले ना भाऊ, मंग हे केसचं काय काढलं?" हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतं, म्हणून नीट लिहितो.

समजा दालमिलच्या हमाली ठेकेदाराच्या २० लाखांच्या बिलातून कंपनीने १ टक्का, म्हणजे २०,००० रुपये टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारला भरायचा कर) कापला. ते पैसे आता कंपनीचे राहिले नाहीत. पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत सरकारजमा व्हायला हवेत. पण तुरीचे चुकारे अडलेले असतात, खात्यात रक्कम दिसते, आणि ती वापरली जाते.

मग लागतं कलम २०१ चं व्याज: महिन्याला दीड टक्का, आपल्या हिशेबात ३०० रुपये. महिन्याचा एखादा दिवस गेला तरी पूर्ण महिना धरतात. चालान भरलं की सरकारचं येणं फिटतं. गुन्हा मात्र तसाच राहतो. ३१ मार्च २०२६ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम २७६बी कापलेला टीडीएस न भरण्याला ३ महिने ते ७ वर्षं सक्तमजुरी सांगत होतं, आणि नंतर भरल्याने तो गुन्हा पुसला जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये मधुमिलन सिंटेक्सच्या खटल्यात स्पष्ट केलं. अध्यक्षांची गल्लत इथेच झाली होती.

कंपाउंडिंग म्हणजे त्या गुन्ह्याचीच खात्याशी तडजोड. कलम २७९(२) प्रमाणे खटला भरण्याआधी किंवा नंतरही अर्ज करता येतो. कर आणि व्याज आधी चुकतं केलेलं असावं लागतं. अर्ज मंजूर झाला आणि ठरलेली रक्कम भरली, की खटला भरत नाहीत, भरलेला असेल तर मागे घेतात. मंजुरी हा हक्क नाही. अधिकारी कंपनीचं वागणं बघतो.

आता गोंधळ वाढायचं कारण. पूर्वी कंपाउंडिंगचे दर २, ३ आणि ५ टक्के असे होते. १७ ऑक्टोबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी टीडीएससाठी सरसकट महिन्याला दीड टक्का केला. म्हणजे तेच ३०० रुपये! आकडा सारखा दिसला की माणूस म्हणतो, हे तर मागेच भरलं. तसं नाही, हे व्याजाच्या वर वेगळं भरायचं असतं.

एक दिलासा आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून, त्या तिमाहीचं टीडीएस विवरणपत्र द्यायच्या मुदतीपर्यंत पैसे भरले तर २७६बी लागतच नाही. एप्रिल ते जूनसाठी ती मुदत ३१ जुलै. व्याज मात्र तरीही द्यावं लागतं.

मला खरी काळजी संचालकांची वाटते. कलम २७८बी कंपनीसोबत कारभार पाहणाऱ्यांनाही आरोपी करतं. आपल्याकडे हे संचालक म्हणजे सकाळी फवारणी करून संध्याकाळी मीटिंगला बसणारे शेतकरी. आपल्याला ठाऊक नव्हतं किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे त्यांनाच सिद्ध करावं लागतं. २०२४ च्या सूचनांमुळे सहआरोपींकडून वेगळी फी घेत नाहीत, कंपनीने भरलेल्या रकमेत त्यांचाही गुन्हा मिटू शकतो. म्हणून अध्यक्षांच्या अर्जात आम्ही नोटिशीत नाव असलेल्या दोन्ही संचालकांची नावं घातली. त्यातल्या एका ताईंना आपल्यावर नोटीस आहे हे त्या दिवशीच कळलं.