डिस्कचे दुखणे आणि ओढीचे टेबल : बिनऑपरेशनच्या खर्चाची पार्श्वभूमी

सायटिकाचे, म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या कळेचे मूळ फुटलेल्या डिस्कमध्ये (दोन मणक्यांमधल्या गादीमध्ये) असू शकते, हे १९३४ मध्ये बॉस्टनच्या दोन शल्यविशारदांनी मांडले. त्यानंतर बराच काळ चर्चा ऑपरेशनभोवतीच फिरली. ऑपरेशन नको असेल तर बिछाना आणि कमरेला ट्रॅक्शन, म्हणजे वजन लावून ओढ, एवढेच उरे.

त्या ट्रॅक्शनला पाच-सात किलो वजन लावत; काही ठिकाणी अजूनही लावतात. पण सत्तर किलोच्या माणसाचे कमरेखालचे शरीर गादीवर नुसते सरकायलाच साधारण १७-१८ किलो ओढ लागते. म्हणजे सगळे वजन घर्षणातच संपते, मणक्यापर्यंत काही पोचत नाही. बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत आपोआप ओसरते, त्याचे श्रेय मात्र वजनाला मिळाले. १९९९ च्या एका डच चाचणीत दोन आठवडे झोपवून ठेवलेले आणि हिंडतेफिरते रुग्ण सारखेच सुधारले.

पैशाचा खेळ सुरू झाला तो १९९० च्या दशकात, मोटरवर चालणाऱ्या डिकम्प्रेशन (डिस्कवरचा दाब कमी करण्याच्या) टेबलांमुळे. टेबल मधोमध दुभंगते, त्यामुळे घर्षणाची अडचण सुटते. मिनिटभर ओढ, मग थोडी ढील, असे अर्धा तास. अशा वीसेक बैठका. १९९४ मध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या रुग्णांत डिस्कमध्ये सुई घालून ओढीच्या वेळचा दाब मोजला, तो शून्याखाली गेला होता. ‘डिस्क आत ओढली जाते’ ही जाहिरात त्यातूनच फोफावली. माणूस उठून उभा राहिला की डिस्कवर भार पुन्हा येतोच, हे जाहिरातीत नसते.

खरी मेख मान्यतेत आहे. अमेरिकन नियामकाने ही यंत्रे ‘विजेवर चालणारे ट्रॅक्शन’ या जुन्याच वर्गात, आधीच्या यंत्रांशी समतुल्य म्हणून बाजारात येऊ दिली. त्या वाटेने येताना गुण येतो हे रुग्णांवरच्या चाचणीने सिद्ध करावे लागतेच असे नाही. विकताना मात्र ‘हे ट्रॅक्शन नव्हेच’ असे सांगून दर वेगळा लावला. १९९७ मध्ये तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याने अशा एका टेबलाचे पैसे नाकारले, कारण पुरेसा शास्त्रीय पुरावा नव्हता. उत्पादकांना हा अन्याय वाटला. पुढचा पुरावा पाहता नकारच योग्य होता. तरीही आगाऊ रोख पॅकेजचा धंदा थांबला नाही.

ऑपरेशनची घाई करावी का, हे २००७ च्या एका डच चाचणीत २८३ रुग्णांवर पाहिले; एका गटाचे लवकर ऑपरेशन केले, दुसरा थांबला. थांबलेल्या गटातल्या ३९ टक्क्यांना अखेर ऑपरेशन लागले, पण वर्षअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के बरे होते. लवकर ऑपरेशन करून मिळाला तो वेग. २०१६ च्या ब्रिटिश मार्गदर्शनाने ट्रॅक्शन देऊ नका, व्यायामाचा विचार करा, असे स्पष्ट लिहिले.

आपल्याकडे विम्याचे चित्र उलटे आहे, व्यायामालाच सहसा पैसे मिळत नाहीत. साध्या पॉलिसीला २४ तासांची भरती लागते, त्यामुळे ओपीडीतली फिजिओथेरपी बहुधा खिशातूनच. फक्त तपासणीसाठी किंवा विश्रांतीसाठी भरती झाल्यास दावा बाद होतो.

टेबलावर जायचेच तर पॅकेज न घेता बैठकीगणिक पैसे द्यावेत. पाच-सहा बैठकांत पायातली कळ वर कमरेकडे सरकत नसेल तर थांबावे. ढील झटक्याने दिली तर स्नायू आखडतात आणि पट्टा बरगड्यांवर चढला तर ओढ वाया जाते. लघवी अडणे, जांघेत बधिरपणा येणे किंवा पाऊल लुळे पडणे, यांपैकी काही झाले तर टेबल नको, त्याच दिवशी सर्जन गाठावा.